वर्षभराचे वाचन ठरवणे आणि पुस्तकांवर लिहिणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या वर्षाच्या तोंडावर अमुक इतकी पुस्तके वाचण्याचा निश्चय करणारे वाचक मराठीत आता बरेच दिसतात, आणि वाचलेल्या पुस्तकांविषयी लिहून ते इतरांपर्यंत पोहोचवणारेही वाढले आहेत. या दोन्ही गोष्टींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: ज्या पुस्तकावर आपण पाच-सहा ओळीही लिहिल्या नाहीत, ते पुस्तक वर्षाच्या मोजणीत धरू नये. हा नियम पाळला की आकडा आपोआप लहान होतो, पण त्या आकड्यातले प्रत्येक पुस्तक खरोखर वाचलेले असते.

वाचनासाठी उद्दिष्ट ठरवण्याची गरज आहे का?

ज्याचे वाचन कोणत्याही ठरावाशिवाय नियमित चालते, त्याला नाही. उद्दिष्टाचा खरा उपयोग दोन प्रकारच्या वाचकांना होतो: पूर्वी भरपूर वाचणारे, पण नोकरी, घर आणि मोबाइल यांत ज्यांचे वाचन सुटले आहे असे, आणि नियमित वाचत असूनही वर्षानुवर्षे एकाच प्रकारच्या पुस्तकांत फिरत राहिलेले. पहिल्यांना उद्दिष्टामुळे सातत्य मिळते आणि दुसऱ्यांना दिशा.

ठरवून वाचणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. चातुर्मासात पोथी लावणे, सप्ताहात पारायणाला बसणे, रोज ठरावीक ओव्या वाचण्याचा नेम करणे, ही सारी वाचनाची उद्दिष्टेच होती. फरक एवढाच की, त्या नेमात ग्रंथ ठरलेला असे आणि गती ठरलेली असे, तर आजच्या उद्दिष्टात केवळ पुस्तकांची संख्या ठरते. ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळाने २०११ मध्ये वार्षिक वाचन आव्हान सुरू केले आणि त्यानंतर ‘यंदा किती पुस्तके?’ हाच प्रश्न जगभरच्या वाचकांच्या तोंडी बसला. मला जुना नेम अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात काय वाचायचे आहे याचा विचार आधी करावा लागत असे.

वर्षाला किती पुस्तके हे उद्दिष्ट योग्य?

दुसऱ्याचा आकडा उचलू नये. एक साधे पुस्तक घेऊन आपण अर्ध्या तासात, मजकूर समजून, किती पाने वाचतो ते आठवडाभर पाहावे. समजा, रोज वीस पाने होतात आणि आजारपण, प्रवास, लग्नसराई, परीक्षा असे दिवस वगळून वर्षातले तीनशे दिवस वाचन होते. मग वर्षाची सहा हजार पाने होतील, म्हणजे सरासरी दोनशे पानांची तीस पुस्तके. यातून लिहिण्यासाठी लागणारा वेळ वजा करावा. एका पुस्तकावर मनासारखे टिपण लिहायला दोन-तीन संध्याकाळी सहज जातात, त्यामुळे तीसऐवजी वीस हा आकडा प्रामाणिक ठरेल. ज्यांचे वाचन बरीच वर्षे बंद आहे त्यांनी महिन्याला एक, म्हणजे बारा पुस्तकांपासून आरंभ करावा आणि त्यात कमीपणा मानू नये.

पुस्तकांची संख्या मोजावी, पाने मोजावीत की वेळ?

संख्या मोजणे सोपे आहे, पण तिचा एक मोठा दोष आहे. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) ही एका-दोन बैठकींत वाचून होणारी कादंबरी आहे, तर शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) अनेक आठवडे घेऊ शकते. मोजणीत मात्र दोन्ही एकेकच. याचा परिणाम ऑक्टोबरनंतर दिसू लागतो. उद्दिष्ट मागे पडलेला वाचक नकळत बारीक पुस्तके उचलू लागतो आणि जाडजूड चरित्र, इतिहासग्रंथ किंवा त्रिखंडात्मक कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलतो. पाने मोजल्याने हा दोष कमी होतो, पण कवितासंग्रहावर आणि नाटकावर अन्याय होतो, कारण तिथे पानावर शब्द थोडे असतात आणि वाचायला वेळ अधिक लागतो.

म्हणून रोजचा वेळ निश्चित करावा आणि वर्षाची संख्या केवळ अंदाज म्हणून ठेवावी. रात्री जेवणानंतर पाऊण तास, किंवा लोकलमधला जाण्यायेण्याचा वेळ, असे काही ठरले की पुस्तक लहान की मोठे हा प्रश्न उरत नाही.

‘ज्ञानेश्वरी’ किंवा ‘दासबोध’ यांसारखा मोठा ग्रंथ वर्षाच्या योजनेत कसा बसवावा?

या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण अनेकांचा संकल्प नेमका इथेच मोडतो.

‘दासबोधा’ची रचनाच वाचकाच्या सोयीची आहे. वीस दशके आणि प्रत्येक दशकात दहा समास, असे एकूण दोनशे समास आहेत. आठवड्याला चार समास वाचले तर पन्नास आठवड्यांत ग्रंथ पूर्ण होतो आणि दोन आठवडे हाताशी राहतात. प्रत्येक समासाला स्वतःचा विषय असल्यामुळे मध्ये खंड पडला तरी धागा तुटत नाही.

‘ज्ञानेश्वरी’चे तसे नाही. अठरा अध्याय आणि बारा महिने, म्हणून महिन्याला दीड अध्याय, असा हिशेब करणारे अडचणीत येतात, कारण अध्यायांची लांबी फार असमान आहे. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो, तर अठराव्यात अठराशेच्या आसपास ओव्या आहेत. बारावा वाचून झाल्यावर जो वाचक आपली गती उत्तम आहे असे समजतो, तोच अठराव्यात थकतो. म्हणून अध्याय मोजण्याऐवजी ओव्या मोजाव्यात. एकूण ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत, तेव्हा रोज पंचवीस ओव्यांचा नेम वर्षभर पुरतो. पंचवीस ओव्या मोठ्याने वाचून, अर्थ पाहून, त्यांतली एक वहीत उतरवून घ्यायला अर्धा ते पाऊण तास लागतो. सात दिवसांच्या पारायणाचे मोल वेगळे आहे आणि ते श्रद्धेचे आहे. शब्द आणि विचार समजून घेण्यासाठी मात्र वर्षाची संथ गती मला योग्य वाटते.

असा ग्रंथ चालू असताना इतर पुस्तकांची संख्या अर्ध्यावर आणावी. वर्षअखेरीस तो ‘एक पुस्तक’ म्हणून नोंदवला जाईल, हे आधीच मान्य करावे.

यादी वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण ठरवावी का?

अर्धीच ठरवावी. वीस पुस्तके वाचायची असतील तर दहांची नावे लिहावीत आणि दहा जागा मोकळ्या ठेवाव्यात. वर्षभरात कोणी काही सुचवते, प्रदर्शनात एखादे पुस्तक हाती लागते, वाचलेल्या एका पुस्तकातून दुसऱ्याचा शोध लागतो. त्यासाठी जागा हवी.

ठरवलेल्या दहांमध्ये आपल्या वाचनात काय नाही याकडे पाहावे. ज्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्या भरपूर वाचल्या आहेत त्यांनी त्या काळाची कागदपत्रे आणि बखरी पाहाव्यात. ज्यांच्या कपाटात शहरी मध्यमवर्गाचेच लेखन आहे त्यांनी दलित आत्मकथने, भटक्या-विमुक्तांची आत्मकथने आणि ग्रामीण कथा यांना त्या दहांतल्या किमान तीन जागा द्याव्यात; दया पवार यांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) सुरू झालेला आत्मकथनांचा हा प्रवाह न वाचता मराठी गद्य वाचले असे म्हणता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. विज्ञान, अर्थकारण, शेती आणि कायदा यांवरील मराठी पुस्तकेही यादीत असावीत.

दिवाळी अंक मोजणीत धरावेत का?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाच्या वर्षाला स्वतःचा एक हंगाम आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरात किंवा वाचनालयात पाच-दहा अंक येतात आणि पुढचे दोन महिने पुस्तके मागे पडतात. जे उद्दिष्ट हा हंगाम विचारात घेत नाही ते मराठी वाचकाच्या उपयोगाचे नाही.

अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला असेल तर तो पुस्तकासारखा धरण्यास हरकत नाही, पण तसे क्वचितच घडते. त्यापेक्षा अंकांची नोंद वेगळ्या पानावर ठेवावी आणि तिथे अंकाऐवजी लेख किंवा कथा नोंदवावी: लेखकाचे नाव, शीर्षक, अंक, वर्ष आणि दोन ओळींचा अभिप्राय. अनेक उत्तम कथा आणि दीर्घ लेख आधी दिवाळी अंकात येतात आणि पुस्तकात यायला त्यांना वर्षे लागतात; काही कधीच येत नाहीत. अशा लेखनाचा माग पुढे आपल्या नोंदीतूनच लागतो.

ऐकलेले, दुसऱ्यांदा वाचलेले आणि अर्धवट सोडलेले पुस्तक यांचे काय करावे?

ऐकलेले पुस्तक संपूर्ण असेल तर ते मोजावे, मात्र ‘ऐकले’ अशी नोंद करावी. ‘स्टोरीटेल’सारख्या सेवा २०१७ पासून मराठीत आल्या, आणि त्यांमुळे दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांचे व दिवसभर प्रवासात असणाऱ्यांचे वाचन पुन्हा सुरू झाले. परीक्षण लिहिताना अभिवाचकाचा उल्लेख करावा, कारण त्याच्या आवाजाचा प्रभाव मतावर पडलेला असतो.

पुनर्वाचन अवश्य मोजावे. पहिल्या वेळचे टिपण उपलब्ध असेल तर ते दुसरे वाचन संपेपर्यंत उघडू नये.

अर्धवट सोडलेले मोजू नये, पण का सोडले ते एका वाक्यात लिहावे. पन्नास पानांनंतर पुस्तक सोडण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. त्यावर जाहीर परीक्षण लिहिण्याचा मात्र नाही.

एवढी पुस्तके विकत घेणे परवडत नाही. काय करावे?

सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे तालुक्याच्या आणि गावाच्या पातळीवरही शासनमान्य वाचनालये उभी राहिली आहेत. अनामत आणि मासिक वर्गणी मिळून होणारा वर्षाचा खर्च बहुतेक ठिकाणी दोन-चार नव्या पुस्तकांच्या किमतीपेक्षा जास्त नसतो. परत करण्याची तारीख असल्याने पुस्तक वेळेत वाचून होते, हा आणखी एक लाभ.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. परदेशातील मराठी वाचकांना त्यांचा विशेष उपयोग होतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पुस्तकपेट्याही महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या आहेत. आपल्या गावात किंवा शहरात अशी पेटी येते का याची चौकशी करावी.

वाचनाची नोंद कशी ठेवावी?

वही, संगणकावरचा तक्ता किंवा मोबाइलमधले अॅप, यांपैकी जे रोज उघडले जाईल ते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत एक अडचण सांगितली पाहिजे: परदेशी संकेतस्थळांवर तेच पुस्तक देवनागरीत एकदा, रोमन लिपीत दोन-तीन निरनिराळ्या वर्णलेखनांत आणि प्रत्येक आवृत्तीगणिक वेगळे सापडते, तर जुनी अनेक पुस्तके मुळीच सापडत नाहीत. त्यामुळे मूळ नोंद आपल्याकडेच असावी.

नोंदीत लेखक, शीर्षक, प्रकाशक, आपण वाचलेली आवृत्ती आणि तिचे वर्ष, पहिल्या आवृत्तीचे वर्ष, पृष्ठसंख्या, आणि वाचन सुरू व समाप्त झाल्याची तारीख लिहावी. पहिल्या आवृत्तीचे वर्ष लिहिण्याचा कंटाळा अनेकजण करतात. परंतु १९५० मधल्या कादंबरीची २०२० मधली आवृत्ती वाचून तिला आजची कादंबरी समजणे, आणि त्यातल्या माणसांना आजचे निकष लावणे, ही चूक परीक्षणांत वारंवार दिसते आणि तिचे मूळ या एका न भरलेल्या रकान्यात असते.

पुस्तक-परिचय आणि परीक्षण यांत आपण काय लिहावे?

परिचयात पुस्तक कशाविषयी आहे, कोणासाठी आहे आणि त्यात काय सापडेल हे सांगितले जाते. परीक्षणात लेखकाने जे करायचे ठरवले ते कितपत साधले, याचा निर्णय द्यावा लागतो. मराठीत १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’सारख्या मासिकांनी ग्रंथपरीक्षणाला मानाचे स्थान दिले. ती परीक्षणे लिहिणारे लोक पुस्तकातली चूक दाखवताना पान आणि ओळ सांगत. आज सामान्य वाचकाने परिचयापासून सुरुवात करावी. वर्षभरात दहा-बारा परिचय लिहून झाले की निर्णय देण्याचे धैर्य आणि त्यासाठी लागणारी तुलना आपोआप जमू लागते.

चांगल्या परीक्षणात काय असते?

सर्वांत आधी पुस्तकातला पुरावा. ‘भाषा ओघवती आहे’, ‘पुस्तक खाली ठेववत नाही’, ‘प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात, म्हणून ती एकाही पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. भाषा ओघवती वाटली असेल तर तसे वाटायला लावणारा परिच्छेद शोधावा, तो दोनदा वाचावा आणि तिथे लेखकाने काय केले आहे ते लिहावे: वाक्ये आखूड आहेत का, संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत आहे का, प्रसंग मध्येच तोडला आहे का.

ललितेतर पुस्तकाच्या बाबतीत ते कशाच्या आधारावर उभे आहे हे पाहणे हा परीक्षणाचा निम्मा भाग असतो. इरावती कर्वे यांनी ‘युगांत’मधील लेख लिहिताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून नंतरची भर वगळलेल्या आवृत्तीचा, आधार घेतला. हे ज्याला ठाऊक आहे तो वाचक, आपल्या ओळखीचे काही प्रसंग या लेखांत का दिसत नाहीत, याचे उत्तर स्वतः शोधू शकतो. ज्याला ठाऊक नाही तो ‘लेखिकेने अमुक प्रसंग गाळला’ असा आक्षेप घेऊन मोकळा होतो. म्हणून प्रस्तावना, टिपा आणि संदर्भसूची न वाचता ललितेतर पुस्तकावर लिहू नये.

कादंबरीत निवेदक कोण आहे, तो किती जाणतो आणि लेखक त्याच्याशी सहमत आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून पाहावीत. कथासंग्रहात प्रत्येक कथेचा सारांश देऊ नये. दोन कथा घ्याव्यात, एक जमलेली आणि एक न जमलेली. कवितासंग्रहावर लिहिताना निदान एका कवितेपाशी पुरेसे थांबावे. लेखकाच्या आयुष्यातल्या गोष्टी, मिळालेले पुरस्कार आणि मलपृष्ठावरचा मजकूर यांनी परीक्षण भरू नये, कारण ते वाचकाला पुस्तक न उघडताही मिळते.

लांबीचा प्रश्न येतो. तीनशे ते पाचशे शब्दांत एक मुद्दा नीट मांडता येतो.

कथानक कितपत सांगावे?

रहस्यकथेत पहिल्या चतुर्थांशापलीकडे जाऊ नये. इतर कादंबऱ्यांत शेवटाची चर्चा केल्याशिवाय निर्णय देता येत नसेल तर ती करावी, मात्र तशी सूचना आधी द्यावी.

न आवडलेल्या पुस्तकावर लिहावे का?

लिहावे, आणि पूर्ण वाचून लिहावे. आपल्याकडे प्रशंसा करणे किंवा गप्प राहणे हीच रीत झाली आहे, आणि त्यामुळे प्रशंसेचीही किंमत कमी झाली आहे. पुस्तक वाईट आहे आणि पुस्तक माझ्यासाठी नव्हते, या दोन विधानांतला फरक मात्र पाळावा. नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकावर लिहिताना दोष स्पष्ट सांगावेत, पण टिंगल करू नये. मुद्रणदोष, पाने उलटसुलट लागणे, टंक बारीक असणे यांची जबाबदारी प्रकाशकाची असते. ती लेखकावर टाकून तारे कापू नयेत.

तारे किंवा गुण द्यावेत का?

स्वतःच्या वहीत खुशाल द्यावेत. संकेतस्थळांवरची सरासरी मात्र मराठी पुस्तकांच्या बाबतीत फसवी असते, कारण मत देणारे मोजकेच असतात. पाच जणांनी चार तारे दिले आणि सहाव्याने एक दिला, तर सरासरी चारवरून थेट साडेतीनवर येते. त्या सहाव्या वाचकाने कारण लिहिले नसेल तर ती घसरण कोणाच्याही उपयोगाची नसते. तारे दिले तर सोबत कारण लिहावे.

लेखक ओळखीचा असेल किंवा पुस्तक भेट मिळाले असेल तर?

पहिल्याच परिच्छेदात तसे सांगावे. पैसे घेऊन किंवा वस्तू घेऊन समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांनी तो संबंध उघड करावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये जारी केली आहेत, आणि प्रकाशकाकडून अभिप्रायासाठी आलेली प्रत ही अशीच बाब आहे. सख्ख्या नातेवाइकाच्या पुस्तकावर परीक्षण लिहू नये. परिचय लिहावा आणि नाते सांगावे.

परीक्षणात पुस्तकातले उतारे किंवा पानांची छायाचित्रे देता येतात का?

१९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार समीक्षा किंवा परीक्षणासाठी उचित प्रमाणात उतारे देता येतात. मुद्दा स्पष्ट होण्यापुरती चार-सहा वाक्ये घ्यावीत आणि पृष्ठक्रमांक द्यावा. आख्खी कविता, संपूर्ण कथा किंवा पानामागून पान छायाचित्रे काढून पसरवणे यात बसत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात आणि मग हे बंधन राहत नाही.

अनुवादित पुस्तकाचे परीक्षण मूळ भाषा येत नसताना करता येते का?

येते. अनुवाद मुळाशी प्रामाणिक आहे की नाही हे आपण सांगू शकत नाही, पण मराठी म्हणून तो कसा वाचला जातो हे निश्चितच सांगू शकतो: संवाद नैसर्गिक वाटतात का, नात्यांचे आणि आदराचे शब्द जुळतात का, वाक्यरचना परकी राहिली आहे का. अनुवादकाचे नाव शीर्षकाजवळच लिहावे. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा मराठी घराघरांत पोहोचले ते उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे, आणि तरीही अनेक परिचयांत त्यांचे नाव येत नाही. ही उपेक्षा थांबलीच पाहिजे.

सप्टेंबरपर्यंत उद्दिष्टाच्या निम्मेही वाचून झाले नाही. आता काय करावे?

आधी टिपणे मोजावीत. पुस्तके सहाच झाली, पण सहाही टिपणे पूर्ण आहेत, तर त्याच गतीने पुढे जावे आणि आकडा कमी करून लिहून ठेवावा. पुस्तके बारा झाली आणि टिपणे तीन, असे असेल तर नवे पुस्तक न उघडता राहिलेल्या नऊपैकी जी अजून नीट आठवतात त्यांवर लिहावे. जी आठवत नाहीत ती यादीतून काढून टाकावीत, आणि त्यांतले एखादे पुन्हा वाचावेसे वाटले तर पुढच्या वर्षाच्या मोकळ्या जागांत त्याचे नाव घालावे.